खानेसुमारीत नोंदलेला देव

(अशोका गार्डन, भोपाळ येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली आणि नागपूरच्या सचिवालयातील दप्तराबरोबर ते दप्तर सांभाळणारी मराठी कुटुंबेही या तलावांच्या शहरात येऊन स्थिरावली. कोणी ग्वाल्हेर-इंदूरकडून आले, कोणी पुढे भेलच्या कारखान्यात नोकरीस लागले, आणि होता होता अशोका गार्डनसारख्या वस्तीत गणेशोत्सव, कोजागरी, संक्रांतीचे हळदीकुंकू आणि वर्षातून एकदा एखादे व्याख्यान एवढा आपला मराठी प्रपंच उभा राहिला. ज्यांच्या स्मृतीस ही माला वाहिलेली आहे ते त्या पिढीचे होते. परधर्माविषयी बोलताना त्या धर्माच्या माणसास ओशाळे वाटेल असे बोलू नये, आणि त्याला खूष करण्यासाठी खोटेही बोलू नये, असा त्यांचा दंडक होता, हे मी त्यांच्या परिचितांकडून ऐकले आहे. या दंडकाचा पहिला अर्धा भाग आपण सभासंमेलनांतून बऱ्यापैकी पाळतो. दुसरा पाळणे फार जड जाते, आणि आजचा माझा विषय बव्हंशी त्या दुसऱ्या अर्ध्या भागाशी निगडित आहे.

समाज दिवसेंदिवस ऐहिक होत चालला असता नाताळाचा धार्मिक अर्थ काय उरतो, असा हा विषय. मी ख्रिस्ती नाही. इतिहासाचा निवृत्त अध्यापक आहे, आणि ज्या घरात श्रावणी सोमवार आणि चतुर्थी आजही निष्ठेने चालतात अशा घरातला आहे. तेव्हा मी उपदेश करणार नाही, आणि तसा अधिकारही मला नाही. एखाद्या सणाच्या पोटात जो दावा दडलेला असतो तो काय आहे हे बाहेरच्या माणसाने प्रामाणिकपणे समजून घेतले, तर त्यातून शेजारधर्माची एक निराळी रीत निघू शकते, एवढेच मला सुचवायचे आहे.

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाची जी मांडणी होते ती प्रथम आटोपतो. इंग्लंड आणि वेल्स येथील २०२१च्या खानेसुमारीत आपण ख्रिस्ती आहोत असे लिहून देणारांचे प्रमाण शेकडा ४६ वर आले, म्हणजे प्रथमच निम्म्याच्या खाली उतरले, आणि आपला कोणताच धर्म नाही असे सांगणारे शेकडा ३७ निघाले. तरी डिसेंबर लागला की तेथील बाजारपेठांत पाऊल ठेवायला जागा नसते. श्रद्धा ओसरली आणि सण राहिला, असा विलाप त्यावरून केला जातो. परंतु हा विलाप करणारांस एका गोष्टीचा विसर पडलेला दिसतो. १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटाने नाताळाचा सण रद्द केला तो कोणा नास्तिकांच्या आग्रहाने केलेला नव्हता, तो कडव्या प्युरिटन ख्रिस्त्यांनी केला होता. आणि १६५९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत नाताळ पाळणारास पाच शिलिंग दंड ठरविणारेही तेच होते. खाणे, पिणे, गाणे आणि धिंगाणा यांत ख्रिस्त बुडून जातो, अशी त्यांची तक्रार होती. सणाचा बाजार आणि सणाचा अर्थ यांचे भांडण इतके जुने असल्यामुळे त्याचा सारा दोष विसाव्या किंवा एकविसाव्या शतकाच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही.

आपल्याकडची गोष्ट मुळातच वेगळी आहे. येथे श्रद्धा आधी होती व नंतर ती झिजून सुटी उरली, असे घडलेच नाही. आपल्या सुशिक्षित वर्गाशी नाताळाची पहिली ओळख झाली ती सरकारी सुट्यांच्या यादीतून. कोर्टकचेऱ्या बंद, वकील मोकळे, शाळा-महाविद्यालयांना रजा, आगगाडीने परगावी जाण्यास सवड, अशा या आठवड्याचा आपल्या सार्वजनिक जीवनाने जो उपयोग करून घेतला त्याला तोड नाही. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यास भरावयाचे होते ते पटकीच्या साथीमुळे मुंबईस हलवावे लागले, आणि २८ डिसेंबर १८८५ रोजी गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ते भरले. पुढे कित्येक वर्षे ही सभा आणि तिच्या मांडवात भरणारी सामाजिक परिषद नाताळच्या सुटीतच भरत राहिली. रानडे, गोखले, टिळक यांच्या पिढीच्या पत्रव्यवहारात आणि भाषणांत 'नाताळ' आला तर तो बहुधा सभेची मुदत म्हणून येतो. ज्या राज्यकर्त्यांशी भांडायचे त्यांच्याच देवाच्या जन्मदिवसाची रजा घेऊन भांडायचे, यातील विनोद त्या गंभीर माणसांच्या ध्यानात आला होता की नाही कोण जाणे.

पुढे तर या तारखेवर इतरांचेही हक्क लागू झाले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, आणि महाराष्ट्रातील लाखो कुटुंबांत या दिवसाचे स्मरण त्यासाठी होते. पंडित मदनमोहन मालवीयांचा जन्म १८६१च्या २५ डिसेंबरचा, आणि आपल्या ग्वाल्हेरचे सुपुत्र अटलबिहारी वाजपेयी यांचा १९२४च्या त्याच तारखेचा. २०१४पासून हा दिवस सुशासन दिन म्हणून कचेऱ्यांतून पाळला जातो. एकाच तारखेच्या ओसरीवर इतकी बिऱ्हाडे उतरली असताना ज्याच्या नावाने मूळ सुटी मिळाली त्याच्याकडे कोणाचे लक्ष जावे? त्यातून मध्य प्रदेशात ख्रिस्ती माणसांची संख्या २०११च्या खानेसुमारीप्रमाणे शेकडा ०.२९, म्हणजे हजारात तिघेसुद्धा पुरते नव्हेत. तात्पर्य, नाताळाचा ऐहिकपणा आपल्याकडे बाहेरून शिरलेला रोग नाही. आपण तो सण घेतलाच त्या रूपात.

मात्र मराठी भाषेत त्याचा एक दुसरा स्वीकार झालेला आहे, आणि तो राष्ट्रीय सभेहून जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी जुना आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास उतरला, आणि १६१६ साली राशोलच्या छापखान्यातून त्याचे 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले: दोन पुराणे, पंचाण्णव अवस्वर म्हणजे अध्याय, अकरा हजारांना थोड्या उण्या ओव्या, आणि नागरी खिळे नसल्यामुळे सगळा मजकूर रोमन अक्षरांत. हा ग्रंथ कौतुकाने हाती घेताना त्याच्या जन्माची परिस्थिती झाकून ठेवू नये. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली होती, जुन्या पोथ्या हिरावल्या गेल्या होत्या, आणि पुराण ऐकण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची भूक असलेल्या नवख्रिस्त्यांच्या कानी काही पडेनासे झाले होते. त्या भुकेला उत्तर म्हणून हा परदेशी पाद्री ओवी घेऊन पुढे आला. म्हणजे ज्या सत्तेने पुराण काढून घेतले तिच्याच छत्राखाली दुसरे पुराण दिले गेले. हे सांगून झाल्यावरही नवल उरतेच, कारण त्याने स्वर्गाला वैकुंठ म्हटले, येशूची जन्मकथा ज्ञानदेव-एकनाथांच्या छंदात बसवली, आणि तरीही आपल्या मतातील कणभरही भाग ऐकणाराच्या सोयीसाठी सैल केला नाही. वैकुंठ हा शब्द त्याने घेतला, वैकुंठीचा राणा मात्र बदलला.

त्यानंतरचे मोठे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, ही हकीकत मराठी वाचकांस ठाऊक आहे. पण त्यांच्या चरित्राचे खरे मर्म लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त आहे असे मी मानतो, कारण तेथे ते एका हट्टी, विनोदी, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या पत्नीच्या डोळ्यांनी दिसते. पती ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई कित्येक वर्षे वेगळ्या राहिल्या, मग एकत्र आल्यावरही आपले पाणी, आपली चूल, आपला विटाळ सांभाळीत राहिल्या. आणि जातिभेद माणसाने केला आहे ही गोष्ट एके दिवशी मनाला पटल्यावर त्यांनी तो आधी टाकला, ख्रिस्ताकडे त्या त्यानंतर वळल्या. ज्या देहाला शिवल्याने विटाळ होतो तोच देह देवाने धारण केला असेल तर विटाळाचे काय करायचे, हा नाताळाच्या गाभ्याचा प्रश्न आहे, आणि कोणत्याही धर्मपंडिताच्या आधी या बाईने तो स्वयंपाकघरात सोडविला. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले, ते पुरे करण्याचे काम बव्हंशी याच बाईने केले. ते १९३८ साली छापून निघाले तेव्हा त्याही हयात नव्हत्या. पंडिता रमाबाईंचे बायबलाचे भाषांतर, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आणि २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे त्यांचे अध्यक्षपद, ही याच परंपरेची पुढची ठाणी. त्यांचा विस्तार आज करीत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या सणात सांगितले काय जाते?

लूककृत शुभवर्तमानातील जन्मकथेचा आरंभ एका सरकारी हुकमाने होतो, आणि इतिहासाच्या माझ्यासारख्या अभ्यासकास ही गोष्ट नेहमी विलक्षण वाटत आलेली आहे. रोमच्या कैसर ऑगस्टसाने खानेसुमारीचा हुकूम सोडला, प्रत्येकाने आपापल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवावे असे ठरले, आणि म्हणून नासरेथचा एक सुतार आपल्या दिवस भरलेल्या वाग्दत्त वधूस घेऊन बेथलेहेमास गेला. उतारशाळेत जागा नव्हती. मूल जन्मले ते गव्हाणीत ठेवले गेले. ऐतिहासिकदृष्ट्या या वृत्तांतावर जो आक्षेप आहे तो गंभीर आहे, कारण सीरियाचा सुभेदार क्विरीनिय याने केलेली नोंदणी इसवी सन ६ची आणि हेरोद राजा त्यापूर्वी दहाएक वर्षे मेलेला, तेव्हा कालगणनेचा मेळ बसत नाही. परंतु कथेचा रोख पाहता हा आक्षेप फारसा आड येत नाही. सांगणाराला सांगायचे आहे ते असे की, ज्याने सर्वांस मोजावयाचे तो स्वतः मोजला गेला; एका परक्या साम्राज्याच्या मांडलिक प्रांतात, महसुलाच्या सोयीसाठी केलेल्या यादीत, रयतेपैकी एक असामी म्हणून तो दाखल झाला. ३२५ साली निकाया येथे भरलेल्या धर्मसभेने जेव्हा हा पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असा निर्णय दिला, तेव्हा त्या निर्णयाचा भयंकरपणा हाच होता की गव्हाणीतले मूल हे देवाने पाठविलेले प्रतीक, दूत किंवा अंश नसून परमेश्वर स्वतः आहे, आणि म्हणून ज्याला थंडी वाजते, भूक लागते, ज्याला मारता येते, असा देव प्रथमच मानवाच्या हाती लागला आहे.

एव्हाना आपणांपैकी पुष्कळांच्या मनात कंसाची बंदिशाळा उभी राहिली असेल, आणि ते स्वाभाविक आहे. तेथेही भयग्रस्त राजा, तेथेही बालहत्या, तेथेही रात्रीचा जन्म आणि पलायन. मात्र साम्याचा हा आनंद आपल्याला जरा लवकर होतो. भागवतात श्रीकृष्ण जन्मतो तो शंखचक्रगदापद्म धारण केलेल्या चतुर्भुज रूपात वसुदेवास दर्शन देऊन मग बालक होतो. पायीच्या बेड्या गळतात, पहारेकरी झोपी जातात, यमुना वाट देते. बेथलेहेमात एकही दार आपण होऊन उघडत नाही. तेथली बालके मारविणाऱ्या हेरोदाच्या तलवारीतून हे मूल वाचते ते मिसर देशात परागंदा होऊन, निर्वासिताच्या पायांनी. मागे राहिलेल्या मुलांना कोणी वाचवीत नाही, आणि चर्चच्या पंचांगात २८ डिसेंबर हा त्या निरपराध बालकांचा दिवस म्हणून आजही उभा आहे, नाताळानंतर अवघ्या तीन दिवसांवर. शिवाय आपला अवतार युगायुगांत होतो; ख्रिस्त्यांचे देहधारण एकदाच झाले, ते पुन्हा व्हावयाचे नाही, आणि ते वधस्तंभापर्यंत गेले. तेव्हा 'आम्हीही हेच मानतो' असे आपण म्हणतो त्यात उदारता असेल, पण अचूकपणा नाही.

मुसलमान शेजाऱ्याची अडचण याच्या उलट आहे. त्याला ईसाचा जन्म मुळीच परका नाही. कुराणात मरियमच्या नावाची एक सबंध सुरा आहे, तीत ती एकटी खजुराच्या बुंध्याशी प्रसूत होते, ताज्या खजुरांनी तिची भूक भागते, आणि पाळण्यातले मूल आईच्या निष्कलंकतेची साक्ष देते. परंतु तो पैगंबर आहे, पुत्र नाही. ईश्वराला संतती नसते. म्हणजे येथल्या जहांगिराबादच्या चर्चमध्ये जे सांगितले जाते ते त्याला मर्यादेपलीकडचे वाटते, आणि आपल्याला, हिंदूंना, ते अकारण आखडते घेतल्यासारखे वाटते: एकच अवतार का म्हणून? धार्मिक अर्थ म्हणतात तो या दोन्ही बाजूंना खुपणाऱ्या टोकात आहे. तो बोथट करून टाकल्यावर जे राहते त्याला शुभेच्छापत्र म्हणतात.

भोपाळात हे तिन्ही अर्थ एकाच मोहल्ल्याच्या अंतरावर कसे नांदले हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होईल. बेगमांच्या रियासतीत शहजाद मसीह नावाचा एक ख्रिस्ती मुत्सद्दी होता, ज्याचे घराणे फ्रान्सच्या बूर्बाँ राजवंशाशी आपले नाते सांगत आले. १८१८ साली इंग्रजांशी झालेल्या तहाच्या वाटाघाटींत त्याचा हात होता, आणि कुदसिया बेगमच्या कारभारात त्याचे वजन मोठे होते. मुसलमान राज्यकर्ती, बहुसंख्य हिंदू रयत आणि ख्रिस्ती कारभारी, अशी ती रचना. तिला आजच्या अर्थाने निधर्मी म्हणणे हास्यास्पद होईल. ते राज्य धर्मावर उभे होते आणि सनदा देवाच्या नावाने लिहिल्या जात. तरीपण शहजाद मसीहला आपण मुसलमानांसारखेच काहीतरी मानतो असे कोणास पटवून द्यावे लागले नाही. तो मसीही होता, हे सर्वांस ठाऊक होते, आणि तसा असूनही तो उपयोगी होता.

जहांगिराबादचे कॅथीड्रल हे १९६३ साली स्थापन झालेल्या भोपाळच्या महाधर्मप्रांताचे मुख्य मंदिर. ते असीसीच्या संत फ्रान्सिसास अर्पण केलेले आहे. नाताळाचा गोठा उभारण्याची जी चाल आज जगभर दिसते तिला रूढ केले ते याच फ्रान्सिसाने. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी डोंगरातल्या एका गुहेत त्याने गवत घातले, जिवंत बैल आणि गाढव आणून बांधले, आणि त्या गोठ्यात मिस्सा साजरा करविला. शुभवर्तमानांत बैलही नाही, गाढवही नाही. मागी लोक तीन होते असेही तेथे कोठे लिहिलेले नाही. हे सारे लोकांनी प्रेमाने भरलेले आहे, आणि मला त्यात गैर काही दिसत नाही.

मात्र गोठ्यागोठ्यांत फरक असतो. डिसेंबरात आपल्या बाजारात प्लास्टिकची झाडे आणि लाल टोप्या यांच्या शेजारी प्लास्टरच्या मूर्तींचे छोटे संच विकावयास येतात. मी एक संच हाती घेऊन पाहिला: मरिया, योसेफ, एक मेंढपाळ, एक गाय, आणि गव्हाणीसकट एकाच साच्यात ओतलेले बाळ. गव्हाणी वेगळी करता येत नव्हती. कॅथलिक घरांत आणि चर्चमध्ये जो गोठा मांडतात त्यात २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाणी रिकामी ठेवण्याची चाल आहे. चार रविवारांचा आगमनकाळ पाळायचा, दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढवायची, आणि बाळ मध्यरात्रीच्या मिस्साच्या वेळी आणून ठेवायचे. बाजाराला ही रिकामी गव्हाणी विकता येत नाही. बाजाराचे आणि सणाचे खरे भांडण मला या एका साच्यात दिसले, कारण बाजाराला वाट पाहणे जमत नाही; त्याचा नाताळ पंचवीस तारखेला संपतो, आणि चर्चचा तेव्हा कोठे सुरू होतो.

आगमनकाळ म्हटला की भोपाळकरांनी एक वर्ष विसरू नये. १९८४ साली आगमनकाळाचा पहिला रविवार २ डिसेंबरला आला होता. सकाळी शहरातल्या चर्चमधून पहिली मेणबत्ती लागली, आणि त्याच रविवारच्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटले. जयप्रकाशनगर, चांदबड, ऐशबाग, स्टेशनचा परिसर या नावांना अशोका गार्डनच्या माणसाला नकाशा लागत नाही. येथे बसलेल्यांपैकी कित्येकांनी ती रात्र पाहिलेली आहे, आणि मी तिचे वर्णन करू लागणे उद्धटपणाचे होईल. तारखेचा एक योग तेवढा नोंदवितो. कारखान्यात उरलेला विषारी साठा निकामी करण्याचे काम १६ डिसेंबरला सुरू झाले, तो आगमनकाळाचा तिसरा रविवार, ज्याला लॅटिन परंपरेत आनंदाचा रविवार म्हणतात. आणि सरकारने त्या मोहिमेला नाव दिले होते 'ऑपरेशन फेथ'. हेलिकॉप्टरे पाणी शिंपीत होती, ओली तरटे टांगली होती, आणि ज्यांनी विश्वास ठेवावा अशी अपेक्षा होती ती माणसे मिळेल त्या गाडीने हजारोंनी शहर सोडून चालली होती. ऐहिक राज्यसंस्थेला जेव्हा आपल्या शास्त्राची खात्री लोकांना पटविता येत नाही तेव्हा ती धर्माच्या कोठारातून शब्द उसना घेते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

त्यानंतर सुरू झाली मोजणी. कितीजण मेले याचा पहिला सरकारी आकडा २,२५९. पुढे राज्य सरकारने ३,७८७ मान्य केला. आणि त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगणारे आजही आपल्या कागदांसह फिरत आहेत. १९८९ साली ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली, दावे दाखल झाले, वर्गवाऱ्या ठरल्या, आणि आपला माणूस मेला हे सिद्ध करण्यासाठी लोक दाखले घेऊन वर्षानुवर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले. ज्या धर्माच्या या सणाची कथा एका खानेसुमारीने सुरू होते आणि जिच्यात मारल्या गेलेल्या मुलांचा आकडा कोठेच दिलेला नाही, त्या धर्माला या मोजणीविषयी काहीतरी म्हणावयाचे असणार. माझ्या समजुतीप्रमाणे ते असे आहे: नोंदीत आलेला आणि नोंदीतून सुटलेला, या दोन्ही देहांच्या ठिकाणी देव स्वतः राहून गेलेला आहे, म्हणून कोणत्याही देहाची किंमत ठरविणारी वर्गवारी अंतिम नव्हे. हे विधान सिद्ध करता येत नाही. ते मानावे लागते किंवा नाकारावे लागते. मी ते मानू शकलेलो नाही. परंतु डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात या शहरात राहून ते निरर्थक आहे असेही मला म्हणता आलेले नाही.

येथे कोणी विचारील, आणि विचारणे रास्त आहे, की या अर्थाचा आग्रह म्हणजे धर्मांतराला आमंत्रण नव्हे काय? आपल्या प्रांतात या शंकेचा इतिहास लांब आहे. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी १९५४ साली नेमलेल्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ साली आला. १९६८ साली धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला, २०२१ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. आणि याच प्रांतातून गेलेल्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली निर्णय दिला की, धर्माच्या प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क अंतर्भूत होत नाही. कायद्याची बाजू कायदेपंडितांनी पाहावी. मला दिसते ते एवढे की, या भीतीमुळे ख्रिस्ती माणूसही आपला सण आपल्यापुढे मांडताना त्यातील टोक काढून मांडू लागला आहे: प्रेम, शांती, केक. २०२३च्या डिसेंबरात आपल्या राज्यातील एका जिल्ह्याच्या शिक्षण खात्याने मुलांना सांताक्लॉजचा वेश देण्यापूर्वी पालकांची लेखी अनुमती घ्यावी असा आदेश काढला, त्यावर दोन्ही बाजूंनी बरेच वादळ उठले, आणि कोणाच्या ध्यानी आले नाही की ज्या लाल अंगरख्यासाठी हे चालले आहे त्याचा बेथलेहेमशी संबंध जवळजवळ नाहीच. मायरा नगरीचा चौथ्या शतकातील बिशप निकोलस हे त्या म्हाताऱ्याचे मूळ. पुढचे काम व्यापाराने केले.

गोव्यात नाताळाच्या दिवशी नेवऱ्या, दोदोल, कुलकुल यांनी भरलेले तबक विणलेल्या रुमालाने झाकून हिंदू शेजाऱ्याकडे जाते, आणि दिवाळीला तिकडून फराळ येतो. ही देवघेव मी थोर मानतो. पण ती टिकली ती दोन्ही घरांनी आपापला देव्हारा जागच्या जागी ठेवला म्हणून. दोदोल खाणाराला तेथे कोणी विचारीत नाही की, तुम्ही देहधारण मानता का. आणि तबक पाठविणारी बाईही असे म्हणत नाही की, आमचा सण म्हणजे तुमचीच दिवाळी.

म्हणून या मंडळाच्या चालकांपुढे एक सूचना ठेवतो, ती मान्य व्हावीच असा माझा आग्रह नाही. येत्या डिसेंबरात मुलांसाठी टोप्या आणि झाड यांचा कार्यक्रम करावयाचा असेल तर तो खुशाल करावा, मुलांना आनंद होईल. परंतु त्याखेरीज एक संध्याकाळ राखून 'ख्रिस्तपुराणा'तील जन्मप्रसंगाच्या ओव्या कोणा गाणाऱ्याकडून म्हणवून घ्याव्यात, आणि शहरातल्या एखाद्या पाद्र्यास किंवा सामान्य ख्रिस्ती गृहस्थास बोलावून, आपल्या कानांना गोड लागो अगर न लागो, ते जे मानतात ते पुरतेपणी सांगण्याची विनंती करावी. वाद झाला तर तो इतिहासाच्या वर्गात होतो तसा होईल. त्याने या वस्तीचे काही बिघडेल असे मला वाटत नाही.

माझा वेळ संपत आला आहे. सभागृहात दोघे-तिघे ख्रिस्ती श्रोते आहेत असे मघाशी मला सांगण्यात आले. त्यांच्या धर्माविषयी तासभर बोलण्याचे धाडस मी केले. निकायाच्या निर्णयाचा जो अर्थ मी सांगितला आणि अवताराशी जी तुलना केली तीत काही चुकले असेल, तर ते दाखविण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे, आणि अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांची सुरुवात त्यांच्यापासून करावी अशी विनंती करून मी खाली बसतो.